ऑस्ट्रेलियाची बाटली

काटेवाडीत मित्राच्या मळ्यावर आम्ही चौघं परदेशी वाइन चाखायला जमलो होतो. त्याच्या ओळखीचे एक आबा इंदापूरकडून आले होते. त्यांचं नाव मी विचारलंच नाही. परीटघडीचे कपडे होते आणि हाताला छाटणीच्या कात्रीनं पडलेले घट्टे. आमच्यातल्या कुणाला पेल्यात लाकडाचा वास येत होता, कुणाला मनुक्यांचा. मला नुसती चढत होती. आबा मात्र प्रत्येक वेळी पेल्यात बोट बुडवून, गेलेल्या माणसांच्या नावानं दोन थेंब जमिनीवर उडवायचे आणि मगच घोट घ्यायचे. फ्रान्सची झाली, इटलीची झाली. ऑस्ट्रेलियाच्या वाइनमध्ये त्यांचं बोट तसंच थांबलं.

"काय झालं, आबा?"

"ही न्हाय उडवायची. माझं पोरगं तितं द्राक्षाच्या बागेत कामाला हाय. हितली बाग छाटायला कोण न्हाय, म्हणून मी मुळासकट काढली. ऊस लावला."

"फोन येतो का त्याचा?" मी सहज विचारलं.

"आधी यायचा."

मग आबांनी पेल्यात पुन्हा बोट बुडवलं, दोन थेंब जमिनीवर उडवले आणि पेला तसाच ठेवून ते उठले.