काशीरामचा मृदंग

काशीराम गोरिवले कोकणातल्या जाखडी नाचातला शक्तीवाल्यांचा शाहीर, आणि पोटासाठी लोट्याच्या एका केमिकल कंपनीत कायम तिसऱ्या पाळीला. दोन्हीकडे घसाच जळायचा. दोन हजार सालच्या गणपतीत समोरच्या तुरेवाल्यांचा शाहीर धाकू पाष्टे याने भर बारीत, दोन मंडळांच्या सामन्यात, सवाल टाकला, मंदोदरीच्या आईचं नाव काय? नाचे गोल फिरत राहिले, काशीरामच्या तोंडून शब्द फुटेना. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मंडळाचे म्होरके आप्पा पान थुंकून म्हणाले, "पुढल्या साली मुका झालास, तर फेटा दुसऱ्याच्या डोक्यावर."

आणि धाकू कोण, तर कंपन्यांना माणसं पुरवणारा ठेकेदार. नाकाला साधं फडकंही न देता त्याने आपल्या शेजारणीच्या, तुळसाच्या नवऱ्याला केमिकलची टाकी साफ करायला उतरवलं होतं. तेव्हापासून तो माणूस खोकत अंथरुणाला खिळलेला. गावाला सगळं ठाऊक, पण अर्ध्या गावाची चूल धाकूच्या हातात. शिट्ट्या मारायला तेवढे सगळे मर्द!

काशीरामला रोज तेच स्वप्न पडू लागलं. धाकू विचारतोय आणि आपली जीभ उचलत नाही. सकाळी कंपनीच्या बसने येऊन नऊला आडवा व्हायचा, अकराला ओरडत उठायचा. मग एकदा पाव बांधून आलेल्या मासिकाच्या पानावर त्याने वाचलं. जागेपणी एक ठरलेला आवाज ऐकत स्वतःला विचारायचं, मी जागा की झोपेत? तोच आवाज झोपताना बारीक लावून ठेवायचा. तो स्वप्नात झिरपला की माणसाला झोपेतच कळतं, हे स्वप्न आहे. मग तिथे आपलंच राज्य.

आवाज कुठलाही चालला असता. पंख्याचा, पाण्याचा. पण शाहिराला दुसरं काय सुचणार? त्याने मृदंग निवडला, आपल्याच मृदंगवाल्याकडून कॅसेट भरून घेतली.

"सगुणा, बाजू संपली की उलट गो," तो बायकोला म्हणाला.

"घोवाला झोपवायला मृदंग वाजवणारी मी एकटीच असन," सगुणा करवादली. "लोक इचारतात, घरात देव आलाय काय?"

"लोकांना सांग, शाहीर कामावर हाय."

बावीस दिवस काही घडलं नाही. तेविसाव्या दिवशी स्वप्नात धाकूने तोंड उघडलं आणि काशीरामच्या कानावर मृदंग आला. बघतो तर मृदंगवाल्याची जागा रिकामी! ही तर कॅसेट. म्हणजे मी झोपलोय. "खाली बस, चोरा," तो म्हणाला, आणि धाकू मुकाट खाली बसला. त्यानंतर काशीरामने रोज त्याला बसवलं, रोज तुळसाच्या नवऱ्याचा हिशेब मागितला. गाढ झोपून ताजातवाना उठू लागला.

पुढच्या गणपतीत पाळीवाल्यांच्या सोयीने बारी रविवारी दुपारी ठेवली. काशीराम रात्रपाळी करून, डोळ्याला डोळा न लावता मांडवात उभा राहिला. मृदंगावर थाप पडली आणि त्याचं अंग सैल झालं. भीती कुठच्या कुठे.

धाकू हसला. "काय रे, मंदोदरीची आय सापडली काय? का अजून शोधतोस?"

काशीरामने मृदंग ऐकला आणि खुशाल सूर लावला:

"मंदोदरीची आय पुसतोस, शेजारीण दिसत नाय?
तिचा घोव टाकीत उतरवलास, नाकाला फडकं नाय!"

"खाली बस, चोरा," काशीरामने फर्मावलं.

धाकू बसला नाही. दोन पावलं पुढे येऊन त्याने काशीरामची गचांडी धरली. त्याच्या तोंडाचा तंबाखूचा वास आला तसा काशीराम दचकला. मृदंगवाला समोर घामाने निथळत वाजवत होता. आपण जागे आहोत!

बायकांच्या घोळक्यात तुळसा उठून उभी राहिली होती, त्याच्याकडेच बघत.

आप्पा धावले. "पुराणाचा जवाब पुराणात द्यायचा, हा कायदा हाय! माफी माग, मी फेटा राखतो. बोल, झोपेत बोललो."

खरंच तर होतं ते. एवढं बोललं की सुटका.

काशीरामने धाकूचा हात झटकला, फेटा उतरवून आप्पांच्या हातात कोंबला.

"जागा हाय मी, आप्पा," तो म्हणाला, आणि मृदंगवाल्याकडे वळून खेकसला, "थांबलास कशाला रे? दुसरा कडवा अजून व्हायचाय."