मी मागितलेला पूल

मस्कतपासून दोन-तीन तासांवर, समुद्रकाठच्या खाबुऱ्यात माझं पंपांचं दुकान होतं. शेतातल्या विहिरींवरच्या मोटारी विकायच्या, जळलेल्या दुरुस्त करायच्या. रत्नागिरीहून आलो तेव्हा दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये पाने उचलून देत होतो. पुढे स्वतःचं शटर वर केलं. डोक्यावर कोणाचा हात नव्हता. म्हणून असेल, आजही कोणी शिकवायला लागला की माझं डोकं फिरतं.

दुकानाशेजारून वादी जायची. वादी म्हणजे डोंगरातून समुद्राकडे जाणारी नदी, पण जवळजवळ वर्षभर कोरडी. तिच्यात पोरं फुटबॉल खेळत. डोंगरात पाऊस झाला की ती धावत यायची. तिकडे पूर आला म्हणत नाहीत, वादी आली म्हणतात, पाहुणी आल्यासारखं. रस्ता तिच्यावरूनच गेलेला आणि रस्त्याखाली दोन बारके पाइप. खजुराच्या झावळ्या अडकून ते तुंबले की पाहुणीबाई सरळ माझ्या दुकानात. नगरपालिकेत जाऊन मी घसा फोडला. उत्तर एकच, देवाची इच्छा असेल तर होईल: ‘इन्शाल्ला.’ मग एका पावसात नव्याकोऱ्या मोटारी गाळात गेल्या. तरी ‘इन्शाल्ला.’ तो राग मी नीट जपून ठेवला होता.

अशात, दोन हजार साल उलटल्यावर, बातमी आली की सरकार आमच्या भागासाठी हवामान बदलाचा आराखडा करतंय आणि वालींच्या कचेरीतल्या सभागृहात सगळ्यांचं म्हणणं ऐकणार आहे. वाली म्हणजे आपल्याकडचे तहसीलदार समजा. परदेशी दुकानदारांनीही यावं, असा निरोप होता.

मला हवे होते चार मोठे पाइप. पण चार मागितले तर दोनच मिळणार, एवढं माझ्यासारख्याला कळतं. मी पूल मागायचं ठरवलं. पुलावरून हळूहळू उतरत चार पाइपांवर येऊन थांबायचं.

“तिथं भांडू नका,” बायको म्हणाली.

“भांडायला नाही, बोलायला बोलावलंय.”

“तुमचं बोलणं मला ठाऊक नाही होय?”

सभागृहात आधी खजूर, मग कॉफी, मग एकमेकांची खुशाली. शेजारी माझे अर्बाब बसले होते. दुकानाचा परवाना त्यांच्या नावावर आणि जागाही त्यांची. पांढऱ्या दाढीचे, खजुराच्या बागेवर जीव असलेले. “तू गप्प बस, मी बोलतो,” ते कानात म्हणाले.

मस्कतहून आलेल्या तरुण इंजिनिअर बाईंनी भिंतीवर नकाशा लावला. शेतकरी म्हणाले, विहिरी खाऱ्या झाल्या. कोळी म्हणाले, समुद्र किनारा खातोय. बाई शांतपणे लिहून घेत होत्या. मग त्यांनी आमच्या बाजारावर काठी ठेवली आणि म्हणाल्या, “इथे पाण्याचा त्रास नाही.”

मी उठलोच. अर्बाबांनी बाही ओढली ती सुटली.

“मॅडम, त्रास नाही? माझ्या मोटारी विहिरीत न जाता पोहायला शिकल्या!” माझं अरबी दुकानातलं, पण आवाज पक्का. “पूल पाहिजे! पाइप नको, पूल!”

हॉल हसला. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पाइप कसे तुंबतात, पाणी कुठून वळतं, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, “तुमचं बरोबर आहे. आराखड्यात पूलच मांडते.”

माझी पुढची सगळी वाक्यं तोंडातच राहिली. आयुष्यात कोणी पहिल्या मागणीला हो म्हणालं नव्हतं. “पूल नसेल जमत तर... चार मोठे पाइपसुद्धा...” मी चाचरत म्हणालो.

“नाही, पूलच.” त्यांनी पेन्सिल घेतली आणि नकाशावर पूल काढला. पुलाला दोन्ही बाजूंनी चढ लागतो. अलीकडचा चढ नेमका माझ्या शटरवरून गेला.

मी खाली बसलो. कॉफीवाला कप भरत होता आणि मी पीत होतो. तिकडे कप हलवून पुरे म्हणायचं असतं, ते मी विसरलो. अर्बाबांचं पोट हसून हलत होतं. “रफीक,” दोस्ताला तिकडे मारतात ती हाक मारत ते म्हणाले, “मागितलंस ते मिळालं, आणि तोंड बघ तुझं!”

माघार घेणार तरी कशी? वादीपलीकडचे लोक आता ओरडत होते, पूल हवाच, वादी आली की शाळेची बस पलीकडे येत नाही. मुलांच्या शाळेपुढे माझं दुकान काय बोलणार!

पण दुकान तर हवंच होतं. बाजाराच्या उंच बाजूला अर्बाबांचा एक तुकडा होता, खाऱ्या पाण्याने झाडं वाळलेला. एकांतात मागितला असता तर त्यांनी मला वर्षभर झुलवलं असतं. मजलिशीत चारचौघांसमोर मागितलेलं मोठ्या माणसाला नाकारता येत नाही, हे मी इतक्या वर्षांत शिकलो होतो. मी पुन्हा उभा राहिलो.

“पुलासाठी मी दुकान सोडतो. मला अर्बाबांचा तो वरचा तुकडा द्या.”

सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. हसू जागच्या जागी थांबलं.

“शैतान,” ते पुटपुटले. मग मोठ्याने, “दिला! पण वाळलेली झाडं हाच काढेल, स्वतःच्या हाताने.”

“काढेन.”

“मुळासकट.”

“मुळासकट!”

“खलास,” अर्बाब म्हणाले आणि वाली हसले.

खजुराची मुळं काय असतात, ते तेव्हा मला माहीत नव्हतं. पुढचा सगळा हिवाळा मी दर शुक्रवारच्या सुटीत कुदळ घेऊन अर्बाबांना शिव्या देत होतो आणि ते सावलीत बसून “अजून एक राहिलं” म्हणत होते.

पूल व्हायला बरीच वर्षं गेली, पण झाला. त्यानंतर वादी आली तेव्हा अख्खा गाव गाड्या घेऊन बघायला लोटला. तिकडची ती जत्राच. गाड्या लावल्या वरच्या तुकड्यावरच्या माझ्या नव्या दुकानासमोर. आत एक गिऱ्हाईक येईना. मी बाहेर येऊन आरडाओरडा केला, दोघांशी भांडलो, एकाला गाडी मागे घ्यायला लावली. “यल्ला, हटवा!” कोणी ऐकेना. खाली पाणी गरजत होतं, गढूळ, रुंद, झावळ्या वाहून नेणारं. माझं जुनं दुकान होतं तिथल्या चढाला ते नुसतं घासून जात होतं.

शेवटी मी शटर अर्धं ओढलं आणि पुलावर गेलो. कठड्याशी जागा नव्हती. कोपराने करून घेतली.