राखणीचं कुत्रं की सोबतीचं?

तिसगावात जनावरांचा दवाखाना टाकला तेव्हा वाटलं होतं, गाई-शेळ्यांतच आयुष्य जाईल. पण बिबट्या फिरायला लागल्यापासून जो तो एकच विचारतो, "डॉक्टर, कुत्रं कोणतं घेऊ?" मी सल्ला देतो, लोक मान डोलावतात आणि भलतंच घेऊन येतात. अशा भलत्या गोष्टींचा माझ्याकडे ढीग साचलाय.

*

एका बागायतदाराने वस्तीच्या राखणीला जर्मन शेफर्ड आणला. मी म्हटलं, "एवढं केसाळ कुत्रं, आपल्या उन्हात तापेल." त्याने लगेच कूलर घेतला.

संध्याकाळी लस द्यायला गेलो, तर कुत्रं आत कूलरसमोर आडवं आणि मालक अंगणात, हातात काठी घेऊन.

"तुम्ही बाहेर का?"

"बिबट्या हिंडतोय डाक्टर. एवढं भारीतलं कुत्रं, कुनी राखाया नको का?"

मी इंजेक्शन भरायचंच विसरलो.

*

पाथर्डीच्या एका सरांनी विहिरीवरच्या मोटारीसाठी पग पाळला. पग! मी म्हटलं, "सर, हे मांडीवर बसणारं कुत्रं आहे." सर म्हणाले, "भुंकेल तरी."

चोर आले. मोटार जागेवर, केबल जागेवर. पग तेवढा नेला.

सर अजून सुन्न आहेत. म्हणतात, "माझ्या मोटारीत काय वाईट होतं?"

*

नगरच्या फ्लॅटमधल्या एका जोडप्याने उलट केलं. सोबतीला म्हणून कारवान घेतला, म्हणजे आपल्याकडचं उंच, शिडशिडीत शिकारी कुत्रं. का, तर फोटो छान येतात!

साहेबांनी पट्टा मनगटाला गुंडाळला आणि वॉकला निघाले. समोरून मांजर गेलं. थोड्या वेळाने वहिनींचा फोन, "डॉक्टर, कुत्रा घरी आला. हे कुठे दिसले का?"

दुसऱ्याच दिवशी कारवान माझ्या दवाखान्यात जमा झाला. साहेबांच्या हाताला प्लॅस्टर होतं.

*

त्याच आठवड्यात गावातले शेळ्या पाळणारे नाना आले. बिबट्याने त्यांची गाभण शेळी नेली होती आणि घर सगळं शेळ्यांवर चालतं. त्यांना राखणीचं कुत्रं हवं होतं. सूनबाई मात्र पांढऱ्या पॉमेरियनवर अडून बसलेल्या. कारण नानांच्या आई, नवरा गेल्यापासून कुणाशी बोलत नव्हत्या. भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडून असायच्या.

"दोन कुत्री न्हाई परवडायची," नाना म्हणाले. "शेळ्यांचं बघू का म्हातारीचं?"

मला दोघांचंही वाईट वाटलं. पण शेळ्या गेल्या तर सगळेच उपाशी. मी कारवान दिला.

चार दिवसांत नानांचा फोन. "डाक्टर, ह्यो राखनदार हाय का पाव्हना? गोठ्यात बांधला की दावं तोडून म्हातारीच्या खाटंखाली जातोय. सोमवारी आनून देतो."

सोमवार यायच्या आत बिबट्या आला. दिवेलागणीची वेळ, नाना डेअरीवर, सूनबाई चुलीपाशी. बिबट्या थेट गोठ्याच्या कुडावर! कारवान खाटेखाली इतका थरथरत होता की वरची खाट हलायला लागली.

आजी उठल्या. खाली वाकून बघितलं. मग खराटा घेऊन दारात गेल्या आणि ओरडल्या, "ए मुडद्या, माझं कुत्रं भेलं की रं! नीघ हितनं!" त्यापुढच्या शिव्या सूनबाईंनी मला सांगितल्या नाहीत. बिबट्या मागच्या मागे उडी टाकून उसात गेला. शेळ्या सगळ्या शाबूत. सूनबाई म्हणाल्या, "बिबट्याचं सोडा, आजींचा आवाज ऐकून माझ्या हातातली भाकरी चुलीत पडली."

सकाळी मी गेलो. नाना ओट्यावर डोकं धरून बसले होते.

"कुत्रं लपतंय अन् म्हातारी बिबट्या हाकलती. डाक्टर, परत न्या ह्याला."

आतून, खाटेवरून आवाज आला, "हात तर लावून बघ म्हनावं."