मूळचा रंग

फुलचूरचे आमचे शेजारी कचेरीत कारकून होते आणि घरी एका सायकलचे सेवक. एक इंग्रज साहेब देश सोडताना त्यांना ती विकून गेला होता. दर रविवारी ते जुन्या धोतराच्या फडक्याला गोडेतेल लावून तिच्या सोनेरी रेषा हळूहळू पुसत. रस्त्यावर धूळ उडू लागली की खाली उतरून चालत.

"साहेबाचा रंग किती दिवस जपणार?" मी विचारी.

"तू घोषणा दे, बाबू. रंगाले हात नोको लावू."

तरीही बिरसी गावच्या सभेची पत्रके वाटायला त्यांनी मला सायकल दिली. धानाच्या बांधीतल्या चिखलात ती माखली. उपकार फेडावेत म्हणून मी, क्रांतिकारकाने, ती पितळी हंड्यासारखी कोंड्याच्या राखेने खसाखसा घासली. चिखल गेला, सोनेरी रेषा गेल्या, खालचा रंगही गेला.

उघड्या पडलेल्या लोखंडावरून ते बोट फिरवत राहिले. "काऊन घासलं रे?" एवढेच म्हणाले. देशातला शेवटचा इंग्रज मी हाकलला होता, पण माझी मान वर होईना.

रविवारी ते पुन्हा फडके घेऊन बसले. "आता काय जपता?" मी पुटपुटलो.

"लोखंड. थे त रंगाच्याही आधीचं हाये. पत्रकं वाटाची असन त नेजो सायकल. धुवू मात्र नोको."