वीणा कमरेवर

सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. सात दिवस, सात रात्री ती कोणाच्या ना कोणाच्या गळ्यात असते आणि तार वाजत राहते. पुढचा माणूस आला, एकमेकांच्या पाया पडलं, की ती या गळ्यातून त्या गळ्यात. तो नाही आला तर तुम्ही उभे. लघवीला लागो नाहीतर चक्कर येवो. ठेवली तर सप्ताह मोडला, आणि तुमच्या घराला कायमचा बट्टा.

आमच्या घराकडे दुपारचा पहारा होता. वडील गेले आणि तो माझ्या गळ्यात आला. मला कोणी विचारलं नाही. स्वराज्याला चार-पाच वर्षं झाली असतील. अमळनेरजवळ आमचं गाव. चैत्राचं ऊन, मारुतीच्या देवळावर पत्रे. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

पहिल्याच दिवशी माझ्या पुढचा गडी आला नाही. त्याचा बैल विहिरीत पडला होता, अर्धं गाव दोर घेऊन तिकडं. देवळात चार म्हातारे, काही बायका आणि मी. वडील ताठ उभे राहायचे म्हणून मीही ताठ, वीणा अंगापासून लांब धरलेली. पट्टा मानेत रुतला. हाताला मुंग्या आल्या. तार एकदा चुकली तसा एक म्हातारा डुलकीतून जागा झाला.

"काय रे, ठेवतो का काय?"

मी नाही म्हणून मान हलवली. हलवतानाही दुखली.

बायको खांबाजवळ बसलेली, पदर नाकापर्यंत. चारचौघांत नवऱ्याशी बोलायची तेव्हा सोय नव्हती. ती शेजारच्या बहिऱ्या अक्काला मोठ्यानं म्हणाली, "अक्का, लोकं बठ्ठा, सगळा भार मानेवर का घेतात वो? कंबर कशाले शे? आपण लेकरू कडेवर घेतो, तेव्हा एक गुडघा सैल सोडतो, कंबर बाहेर काढतो. शेतापर्यंत जातो तसंच."

"कोणाचं लेकरू?" अक्का म्हणाली.

मी गुडघा सैल सोडला. वीणेचा भोपळा हळूच कमरेवर टेकवला. पट्टा मानेवरून उचलल्यासारखा झाला, श्वास पोटापर्यंत गेला. बोट हलकं पडायला लागलं. सुटका नव्हतीच. पण अडकल्या जागी बूड टेकायला मिळाल्यासारखं वाटलं.

म्हातारा हसला. "कडेवर घेतली! आता दूध पाज तिला!"

हसू दे म्हटलं. तार चालू होती.

ऊन कललं तेव्हा तो गडी आला, मांड्यांपर्यंत चिखल. विहिरीवरच दोन बादल्या अंगावर ओतून घेतल्या होत्या, तरी चिखल गेला नव्हता. पाया पडताना मी विचारलं, "निघाला का बैल?"

"निघाला. तू रे?"

"मी आता निघतो."

पुढं दर साली बायको त्याच खांबाला बसायची. अक्का गेल्यावर खांबाशीच बोलायची. "खांबा, डावा पाय बदल." मी बदलायचो.

यंदा पोरांनी माझ्यासाठी खुर्ची आणली. "आबा, बसून धरा." मी नको म्हटलं. उभा राहिलो, गुडघा सैल सोडला, कंबर बाहेर काढली. खांबाजवळ, ती बसायची तिथं, पाण्याचं पिंप ठेवलं होतं. वीणा कमरेवरून सारखी घसरत होती.