चांदव्याचा रिकामा रकाना

धाकट्या जावेला माळावर मीच नेलं. कुणी सांगितलं नव्हतं. तिची साखर वाढली होती, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं आणि ती शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीत चालायला म्हणून बाहेर पडून दर दाराशी उभी राहत होती. मी म्हटलं, "रविवारी माझ्याबरोबर चल. तिकडं बोलायला कुणी भेटणार नाही." तो रविवार आठवला की अजून मला माझाच राग येतो.

कळंब्याचं तळं मागं टाकून चढ चढला की हा माळ लागतो. खाली खडक, वर बोटभर माती, त्यात गवत आणि घाणेरीची जाळी. या माळावर मी नऊ वर्षं फुलपाखरं मोजत होते. हे वेड मला सरांनी लावलं. सर म्हणजे मंगळवार पेठेत राहणारे जीवशास्त्राचे निवृत्त शिक्षक. माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. एक दिवस ते मच्छरदाणीचं कापड घेऊन आले आणि त्याची लांब पिशवी शिवून मागितली. फुलपाखरं धरायला, म्हणाले. मी शिवून दिली आणि विचारलं, धरून काय करता? त्यांनी तासभर सांगितलं. काउंटरवर दोन गिऱ्हाइकं ताटकळली. पुढच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर माळावर होते.

पद्धत सोपी आहे. पडक्या बांधापासून टोकाच्या एकट्या बाभळीपर्यंत एक ठरलेली वाट आहे, तिला आम्ही रेषा म्हणतो. ऊन अंगाला लागायला लागलं की निघायचं. डावीकडं पाच पावलं, उजवीकडं पाच पावलं, तेवढ्यात जे दिसेल ते वहीत लिहायचं. मागं वळून बघायचं नाही, नाहीतर एकच फुलपाखरू दोनदा लिहिलं जातं. वहीत रकाने असतात: नाव, नर, मादी, कशावर बसलं होतं, आणि शेवटचा 'पाहणारा'. काहीच दिसलं नाही तर शून्य लिहायचं. यावर सरांचा फार जोर. "बाई, शून्य हीसुद्धा नोंद आहे. रिकामी जागा ही नोंद नाही."

मला हे जमलं, कारण माझा डोळा काठांवर तयार झालेला. दुकानात साडी उलगडली की मी आधी काठ बघते. फुलपाखराचंही तसंच. हळदीकुंकू नावाचं फुलपाखरू त्याच्या पिवळ्या-लाल खालच्या काठावरून लांबूनही कळतं. बिबळ्या कडवा तपकिरी-नारिंगी, काळा काठ, वर पांढऱ्या ठिपक्यांची खडी. तो चवीला कडू असतो, पक्षी त्याला खात नाहीत, म्हणून निवांत उडतो. छोट्या चांदव्याचा नर काळाभोर आणि पंखांवर पांढरे चंद्र. सगळ्यांचा हंगाम मला पाठ. श्रावण-भाद्रपदात वही पुरत नाही. मार्गशीर्षात खुळखुळ्याची झुडपं वाळली की त्यांच्यावर कडवे गर्दी करतात. चैत्र-वैशाखात माळ करपतो आणि शून्यामागून शून्य लिहावं लागतं. नऊ वर्षांत माझे रविवार चुकले ते दोन बाळंतपणांचे. मुलीच्या. माझी त्याआधीच झाली होती.

पाचव्या वर्षी सरांचे गुडघे गेले. तेव्हापासून मी एकटी जायचे आणि परतताना वही त्यांना दाखवायचे. ते चष्मा लावून एकेक ओळ वाचत. चार वर्षांत ते मला एकदा "छान" म्हणाले. मला ते पुरत होतं.

तर जाऊ आली. चपला घालून, हातात कापडी पिशवी, केसात मोगरा. मी म्हटलं, गजरा कशाला? तर म्हणे, "फुलपाखरं येत्यात न्हवं वासाला?" दहा पावलं गेलो नाही तोवर तिच्या दंडावर एक निळं बारकं फुलपाखरू येऊन बसलं. नऊ वर्षांत माझ्या अंगावर माशीशिवाय काही बसलेलं नव्हतं.

"आक्का, ह्याचं नाव काय वो?"

"हलू नकोस," मी म्हटलं आणि लिहिलं.

त्या दिवशी तिनं सात दाखवली. मी लिहायला खाली बघायचे, तेवढ्यात ती म्हणायची, "त्ये बघा तिकडं, पानाखाली." पानाखालीच असायचं. ती कागलच्या पुढच्या एका खेड्यातली, शेतात वाढलेली. तिला नाव एकही ठाऊक नव्हतं आणि दिसायचं सगळं. मी तिला सांगत होते, हे बिबळ्या, हे हळदीकुंकू, आणि मनात म्हणत होते, पाऊस यावा.

परतताना तिला सरांच्या घरी न्यावंच लागलं. सरांनी वही वाचली, मग तिच्याकडं बघितलं. "तुम्हाला पानाखालचं कसं दिसलं?"

"वांगी तोडाय कोण जातंय सर? आमीच की. अळी पानाखालीच असती."

सर हसले. इतके हसले की खोकला आला. मग मला म्हणाले, "बाई, यांना डोळा आहे."

पहिल्या दिवशी. मला चार वर्षांत एक 'छान', आणि हिला पहिल्या दिवशी डोळा. घरी येऊन मी दुपारी तीन ब्लाउजच्या बाह्या उलट्या लावल्या आणि सगळ्या उसवल्या.

त्यानंतर ती दर रविवारी यायला लागली. साखर उतरली तरी यायची. मी तिला तिथीचं, उपासाचं, पाहुण्यांचं, काय काय निमित्त सांगून बघितलं. "यतो की, त्यात काय," एवढंच म्हणायची आणि दारात उभी. माझे नवरोबा म्हणाले, "बरं झालं, तुला सोबत झाली."

मग श्रावणात सरांनी सांगितलं की दिवाळीनंतर ते मुलाकडे राहायला जाणार, कायमचे. घर भाड्यानं द्यायचं होतं. त्यांनी कपाटाकडे हात केला. तिथं त्यांच्या अठरा वह्या होत्या, माझ्या नऊच्या आधीच्या. या माळाचा सगळा जुना हिशेब त्यांत होता, कोणत्या साली काय कधी आलं आणि काय यायचं बंद झालं ते. "या कुणाकडे तरी इथंच राहायला पाहिजेत," ते म्हणाले. "ज्याच्याकडे वह्या, रेषा त्यानं चालायची." बोलताना ते आम्हा दोघींकडे आळीपाळीनं बघत होते.

मला त्या वह्या हव्या होत्या. सोन्याची इतकी हाव मला कधी सुटली नाही. आणि त्यांनी दोघींकडे का बघावं, हे मला कळत नव्हतं. दोघी कुठल्या? एक नऊ वर्षांची आणि एक पाच महिन्यांची.

भाद्रपदातली गोष्ट. ऊन चांगलं होतं, माळ भरलेला. जाऊ नेहमीसारखी रेषेच्या कडेनं घोळाची भाजी खुडत पिशवीत टाकत चालली होती. मी दोनदा टोकलं होतं, मोजायला आलोय, भाजीला नाही. एकदम म्हणाली, "आक्का, ह्यो कडवा घोळावर अंडी घालाय लागलाय."

"कडवा रुईवर घालतो. घोळावर नाही."

"घालतोय की! या, बघा तरी."

"चुकून बसला असेल. चल पुढं."

"चुकून एकदा बसंल. ही चौथी बारी हाय."

मी गेले, तिला खोटं पाडायला. खाली वाकले. तपकिरी-नारिंगी पंख, काळा काठ, पांढरी खडी, सगळं बिबळ्यासारखं. ते पोट वाकवून घोळाच्या पानाला टेकवत होतं. मग त्यानं पंख उघडले. बिबळ्याच्या मागच्या पंखावर मधोमध तीन-चार काळे ठिपके असतात. याच्यावर एकच, तोही वरच्या कडेला. आणि ते उडालं ते निवांत नाही, झपकन.

इरकल म्हणून कुणी यंत्रमागाची साडी पुढ्यात टाकली तर मी हातात न घेता सांगते. आणि इथं नऊ वर्षं फसले होते. ती चांदव्याची मादी होती. पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून ती कडव्याचं रूप घेऊन फिरते. माझ्याकडच्या छापील तक्त्यावर फक्त नराचं चित्र होतं आणि मी त्याच्या पलीकडं बघितलंच नव्हतं.

जाऊ कमरेवर हात ठेवून उभी. "तरीच!" म्हणाली. "तुमच्या वहीत त्या काळ्या चांदव्याचं नुसतं बापयच असत्यात. बाईचा रकाना रिकामाच. मला वाटायचं, बाया कुठं गेल्या ह्याच्या? माहेरी?" आणि हसत सुटली.

त्या दिवशी परतताना मी तिला सरांकडे नेलं नाही, नंतरच्या रविवारीही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकान बंद केलं आणि एकटी सरांकडे गेले. "सर, माझ्या वहीतली एक चूक मला सापडली." सगळं सांगितलं: घोळ, अंडी, एक ठिपका, झपकन उडणं.

सरांनी चष्मा काढला. "तो रकाना मी पहिल्या वर्षापासून रिकामा बघतोय. वाट बघत होतो, तुम्ही कधी विचाराल याची."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर ते मला दिसलेलं झालं असतं. तुम्ही तिथं शून्यसुद्धा लिहिलं नाहीत बाई. शून्य लिहिलं असतंत तर केव्हाच प्रश्न पडला असता." मग विचारलं, "कुणाला दिसली?"

"मला," मी म्हणाले.

ठिपका मीच ओळखला होता. नाव मलाच माहीत होतं. तिला फक्त अंडी दिसली होती. रस्ताभर मी हेच घोकत आले होते, आणि तोंडातून शब्द निघाला तो सहज.

सर उठले, कपाट उघडलं आणि अठरा वह्या दोन पिशव्यांत भरून मला दिल्या. मी त्या स्कूटरच्या पुढ्यात ठेवून दोन्ही पायांनी दाबून घरी आणल्या. संध्याकाळी खालच्या मजल्यावरून जावेनं डबा पाठवला. डाळ घातलेली घोळाची भाजी होती. मी ती खाल्ली. चांगली झाली होती, आणि त्याचाही राग आला.

तिनं मात्र आणखी एक उद्योग केला होता, तो मला ठाऊक नव्हता. त्या रविवारी तिनं अंडी असलेली फांदी पिशवीत घालून आणली होती. काचेच्या बरणीला फडकं बांधून रोज ताजा घोळ घालत होती. घटस्थापनेच्या सुमारास ती बरणी पदराआड धरून माझ्या दुकानात आली. आत काळं फुलपाखरू, पंखांवर पांढरे चंद्र. नर. त्याच्याशेजारी दुसरं, तपकिरी-नारिंगी. घोळावरच्या त्याच अंड्यांतली दोघं.

"चला, सरास्नी दाखवू."

"मी दाखवीन. ठेव इथं."

"वा! बाळंतपण मी केलं आणि बारसं तुमी करणार व्हय?" ती पायऱ्या उतरून स्कूटरच्या मागं जाऊन बसलीसुद्धा.

सरांनी बरणी उजेडात धरली. जाऊ भडाभडा सांगत होती. "भाजी खुडत होतो सर, तर ही बया पानाला पोट लावून बसल्याली. आक्का म्हणत्यात चुकून बसला. म्हटलं, चौथी बारी हाय, चुकून कशी?" मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

सर माझ्याकडे बघतील असं वाटलं. त्यांनी बघितलं नाही. त्यांनी माझ्या पर्समधून डोकावणाऱ्या वहीकडे हात केला. मी काढून दिली. भाद्रपदातलं पान उघडून त्यांनी माझ्यासमोर ठेवलं आणि वर पेन ठेवलं. चांदवा, मादी, एक, घोळावर. पुढं 'पाहणारा' या रकान्यात मी 'मी' लिहिलेलं होतं.

"खोडायचं नाही," ते म्हणाले. "जुनी नोंद खोडत नाहीत. खाली दुरुस्ती लिहा."

मी खाली लिहिलं: पाहणारा, धाकटी जाऊ. अक्षर बारीक आलं. मग त्यांच्या सांगण्यावरून नऊही वह्यांत, जिथं जिथं बिबळ्या लिहिला होता तिथं तिथं, 'किंवा चांदव्याची मादी' असं लिहीत बसले. त्याला आठ दिवस लागले.

पण त्याच दुपारी मी सरांना विचारलं होतं, "वह्या परत आणू?" जावेच्या देखत विचारलं. माझा आवाज नीट होता.

जाऊच आधी बोलली. "मला नगं बाई त्या. लिवायचा कटाळा हाय मला. बघाय सांगा, बघतो."

सर म्हणाले, "वह्या राहू देत. दोघी जात जा."

म्हणजे वह्या मला मिळाल्या त्या तिला नको होत्या म्हणून. हे मी तेव्हा गिळलं, अजून पूर्ण उतरलेलं नाही. दिवाळीनंतर सर गेले. अठरा वह्या दुकानात अस्तराच्या ताग्यांखाली आहेत. रविवारी आम्ही दोघी जातो. ती पुढं, मी मागं वही घेऊन. मार्गशीर्षात खुळखुळ्यावर बसलेल्या कडव्यांत तिनं हिंडत हिंडत एकच चांदवी शोधून काढली, आणि मी 'पाहणारा' रकान्यात जावेचं नाव घातलं. आता विसरत नाही. अक्षरही जरा मोठं काढते.

या वैशाखात एक रविवार असा आला की बांधापासून निम्म्या वाटेपर्यंत एकही फुलपाखरू नाही. गवत जळलेलं, खडक तापलेला. जाऊ घाणेरीच्या सावलीत बसली. "आक्का, आज काय बी न्हाय. चला माघारी."

"तू बस," मी म्हटलं.

मी बाभळीपर्यंत गेले. डावीकडं पाच पावलं, उजवीकडं पाच पावलं बघत. काही दिसलं नाही. बाभळीखाली उभी राहून वही उघडली आणि एकेका नावापुढं शून्य लिहीत पानाच्या तळापर्यंत आले. चांदवा, नर शून्य, मादी शून्य. एकही घर रिकामं सोडलं नाही. शेवटच्या रकान्यात 'मी' लिहिलं, आणि ते खरं होतं.