प्लग नवे, झटके तेच

मंडळी, आज डोकंच फिरलं माझं.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं यवतमाळले. नेरच्या कापूस बाजारासमोर ट्रॅक्टरच्या रांगेत आमची पेट्रोल कार झटके खाऊन बंद पडली. याच झटक्यांसाठी आमच्या मेकॅनिकनं मागेच आधी प्लग बदलले होते, मग पेट्रोल फिल्टर.

फोन केल्यावर तो आला, स्कॅनर लावला अन् म्हणाला, “ताई, आता इंजेक्टर बदलून पाहू.”

मी म्हटलं, “काही बदलू नका! स्कॅनर पहिला सिलिंडर मिस, म्हणजे पेटत नाही, असं दाखवून राह्यला ना? त्याची ठिणगी देणारी कॉइल तिसऱ्यावर लावा, तिसऱ्याची पहिल्यावर.”

लावली. आता तिसरा मिस! म्हणजे कॉइलच खराब.

नवी कॉइल टाकून दवाखान्यात पोचलो, तर डॉक्टर निघून गेलते. ऑपरेशनसाठी सकाळपासून उपाशी बसलेली आई म्हणाली, “चाल बाई घरी, भूक लागली मले.”

तपासायच्या आधीच पार्ट काहून बदलतात हे लोक? तुमच्याकडेही असंच होते का?